डेटा संपतो, पण संपवतं कोण?

परळच्या आमच्या बचत गटाच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात. फराळाच्या दिवसांत आमच्या खजिनदार ताईंचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपायला लागला. ताई म्हणाल्या, "मी सकाळपासून चकल्या पाडतेय. पोरगीच व्हिडिओ बघत असणार."

मुलगी दहावीत. आईच्या हॉटस्पॉटवर ती आपला जुना फोन चालवते, अभ्यासही त्यावरच करते. तो फोन कपाटात ठेवायचं ताईंनी ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी हिशेब बघू. गटात वही न बघता आपण कुणावर बोट ठेवतो का?

फोनची अशी वही असते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन्स उघडा, तिथे 'डेटा युसेज' सापडेल. कोणत्या अॅपने किती डेटा घेतला, हे तिथे लिहिलेलं असतं. अॅपच्या नावावर बोट ठेवलं की आपण वापरताना किती गेला आणि 'बॅकग्राउंड', म्हणजे आपल्या नकळत, किती गेला तेही दिसतं.

ताईंच्या फोनवर सगळ्यात मोठा आकडा हॉटस्पॉटचा होता. ताई म्हणाल्या, "बघा!" मग मुलीच्या फोनमधला वायफायचा हिशेब उघडला. व्हिडिओचं अॅप खाली होतं. वर होतं प्ले स्टोअर, मग फोटोंचा बॅकअप, मग व्हॉट्सअॅप, आणि बहुतेक सगळं बॅकग्राउंडला.

असं का होतं? अॅप अपडेट करणं, फोटो वर चढवणं अशी मोठी कामं फोन वायफाय मिळेपर्यंत राखून ठेवतो. घरी ब्रॉडबँड असेल तर ते ठीक. पण आपला हॉटस्पॉटही दुसऱ्या फोनला वायफायच वाटतो. तो मोजूनमापून मिळालेला आहे, हे त्याला कधीकधी कळत नाही. मग तो राखलेली सगळी कामं उरकून घेतो.

उपाय सोपे आहेत. हॉटस्पॉट घेणाऱ्या फोनवर हे करा:

१. वायफायच्या यादीत आपल्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चाकावर दाबा आणि तो 'मीटर्ड' करा.

२. प्ले स्टोअरमध्ये 'ऑटो अपडेट' बंद करा. 'फक्त वायफायवर' या पर्यायावर इथे विसंबू नका, कारण हॉटस्पॉट वायफायच धरला जाऊ शकतो. अपडेट मात्र टाळू नका, पैशांच्या अॅपचे तर मुळीच नको. रोजचा पॅक बहुधा रात्री १२ वाजता नवा होतो. त्याआधी उरलेल्या डेटावर ते हाताने करा.

३. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हीकडे.

४. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. पासवर्ड शेजारीपाजारी गेला असेल तर बदला.

हिशेबात अनोळखी अॅप दिसलं तर जाणत्या माणसाला दाखवून काढून टाका.

ताईंचा डेटा आता रात्रीपर्यंत पुरतो. मुलीचा फोन कपाटात गेला नाही. घरात डेटा संपला की संशय आधी मुलीवर नाहीतर सुनेवर जातो, आणि फोन काढून घेतला की तिचा अभ्यास, तिचं काम थांबतं. म्हणून पुढच्या बैठकीत वहीबरोबर फोनचा हिशेबही उघडा. आधी आकडा बघा, मग बोला.