ताण आणि तडा

गंज म्हटला की तांबूस पापुद्रा डोळ्यांपुढे येतो. पण पापुद्रा न धरता चकचकीत धातूच्या पोटात शिरणाराही एक गंज आहे. तो बारीक तडा पाडतो. त्याला आपण ‘ताणाचा गंज’ म्हणू.

त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : तडकण्याजोगा धातू, त्यात ओढीचा ताण आणि भोवती त्याला बाधणारे पाणी. यांतील एक काढली तर तडा पडत नाही. अणुवीजकेंद्रांत वापरलेल्या ‘मिश्रधातू ६००’मध्ये सुमारे पाऊण हिस्सा निकल आणि पंधराएक टक्के क्रोमियम असते. गंजत नाही म्हणूनच तो निवडला गेला. परंतु ३५० अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्यातही तो ताणाखाली तडकतो, हे फ्रान्सच्या आंरी कोरिऊ यांनी १९५९ साली दाखवून दिले. हा ताण कोठून येतो? वेल्डिंगचा सांधा निवताना आकसतो आणि ती ओढ धातूत कायम राहते. मग धातूच्या कणांच्या सीमेसीमेने तडा वर्षानुवर्षे पुढे सरकतो. १९९१ साली फ्रान्समधील ब्यूझे येथे भट्टीच्या झाकणातली अशी एक नळी चाचणीच्या वेळी गळाली.

अमेरिकेत ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्राला अशा नळ्या २००१ अखेर तपासण्यास सांगण्यात आले. केंद्राने मुदत मागितली. फेब्रुवारी २००२ पर्यंत ती मिळाली. मार्चमध्ये दुरुस्ती करताना झाकणाला खड्डा पडलेला आढळला. तड्यातून झिरपलेल्या पाण्यातील बोरिक आम्लाने सहा इंचांहून जाड पोलाद खाऊन टाकले होते. आतले अर्ध्या इंचाहून पातळ स्टेनलेस अस्तर तेवढे उरले होते आणि दीडशे वातावरणांइतका दाब तेच पेलीत होते!

खुणा का नव्हत्या? हवेची गाळणी गंजाने पुन्हा पुन्हा भरत होती, झाकणावर तांबडे ओघळ २००० सालीच दिसले होते. तरी भट्टी चालू राहिली.

आता तीस टक्के क्रोमियमचा ‘मिश्रधातू ६९०’ वापरतात. धातू बदलता येतो, सांध्यातला ताणही कमी करता येतो. पण उत्पादन थांबू नये हा वरून येणारा ताण कोणत्याही भट्टीत वितळत नाही. म्हणून आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांचे मागणे एवढेच : जो हात गाळणी बदलतो, त्याचा शब्द नोंदवहीत उतरला पाहिजे, आणि यंत्र थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्याने तो वाचला पाहिजे.