लक्ष्मीबाईंच्या नावाची पत्रं

१९५६ च्या नोव्हेंबरनंतर पुण्यातल्या लक्ष्मीबाई कर्वे यांच्या नातलगांना आणि परिचितांना त्यांच्या नावानं पत्रं येऊ लागली. आपण यात्रेला निघालो आहोत, असं आधी. मग, जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न करून जयपूरजवळ राठोडीला राहतो आहोत आणि पुण्याला आता परतणार नाही, असं. लक्ष्मीबाई मात्र १३ नोव्हेंबरलाच मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात वारल्या होत्या. ही पत्रं डॉ. अनंत चिंतामण लागू यांनी रचलेली होती. लागू त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते आणि शुक्रवार पेठेतल्या त्यांच्याच घरात राहत होते.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कायद्याच्या वर्गात तो आजही शिकवला जातो. घरातल्याच माणसानं जीव घ्यायचा आणि मेलेल्याचं नावही वापरायचं, अशी बातमी आजही अधूनमधून येते. तेव्हा लोक जे बोलतात त्यातलं बरंचसं या एका खटल्यासमोर टिकत नाही.

‘ओळखचोरी हा इंटरनेटच्या काळातला गुन्हा आहे.’

लागूंना ना पासवर्ड लागला, ना ओटीपी. बाईंची सही, त्यांच्या व्यवहारांची माहिती आणि टपालाची तिकिटं एवढ्यावर काम भागलं. त्या जिवंत आहेत असं सगळ्यांना वाटत होतं, तोवर त्यांचा बँकेतला पैसा आणि शेअर हलवता येत होते. पत्रांचं काम तेवढंच होतं.

तोतयेगिरी करून फसवणूक करणं हा गुन्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेतही होता, आज तो भारतीय न्याय संहितेत आहे. ज्याचं सोंग घेतलं ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच, हेही कायद्यानं तेव्हापासून स्पष्ट केलेलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी नंतर आलं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा तशी ओळखीची खूण लबाडीनं वापरली, तर त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साधन बदललं, म्हणून कलम वाढलं. मेलेल्या माणसाच्या फोनवरून ‘मी ठीक आहे, थोडे दिवस एकटीला राहू द्या’ असा मेसेज जातो, तेव्हा तो राठोडीच्या पत्राचंच काम करत असतो.

‘आधी भांडणातून खून होतो, कागदपत्रांची चोरी नंतर सुचते.’

काही वेळा तसं होतही असेल. पण या जातीच्या गुन्ह्यात बहुधा ओळख हाच ऐवज असतो आणि माणूस त्याच्या आड येतो. न्यूयॉर्कचं १९९८ चं प्रकरण यासाठी नीट पाहावं.

इरीन सिल्व्हरमन ८२ वर्षांच्या विधवा होत्या. तरुणपणी त्यांनी बॅले नर्तकी म्हणून काम केलं होतं. मॅनहॅटनमधल्या आपल्या प्रशस्त घरातल्या खोल्या त्या भाड्यानं देत. जूनमध्ये मॅनी गेरिन असं नाव सांगणारा एक तरुण आला, महिन्याचं सहा हजार डॉलर भाडं त्यानं रोख मोजलं आणि ओळखीचे कागद नंतर देतो म्हणाला. ते त्यानं कधीच दिले नाहीत. दारातल्या कॅमेऱ्यासमोरून जाताना तो तोंड लपवायचा. बाईंना संशय आला होता, इतका की त्यांनी त्याच्या चेहऱ्याचं रेखाचित्र काढून ठेवलं. ५ जुलैला त्या नाहीशा झाल्या.

भाडेकरूचं खरं नाव केनेथ काइम्स. त्याची आई सान्ते या कटात त्याच्या बरोबरीनं होती. गंमत नव्हे, न्यायच म्हणायचा, की त्याच संध्याकाळी दोघं पकडली गेली ती भलत्याच गुन्ह्यात: युटा राज्यात न वटणारा चेक देऊन मोटार घेतल्याबद्दल. त्यांच्याजवळ इरीन यांचा पासपोर्ट, त्यांच्या सहीचा सराव केलेल्या वह्या आणि घर विकल्याचं बनावट खत सापडलं. सही गिरवायला वेळ लागतो. ज्या बाईंच्या घरात तो राहत होता, त्यांचं नाव लिहिण्याचा सराव त्या जिवंत असतानाच चालू होता. खून ही त्या तयारीची शेवटची पायरी होती.

‘माणूस पारखायची नजर असली की धोका टळतो.’

हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यातून दोष मेलेल्यावर येतो. ‘एवढंही कळलं नाही का तिला?’ असं आपण सहज बोलून जातो. इरीन यांना कळलं होतं, तरी त्या वाचल्या नाहीत. लक्ष्मीबाईंना संशय यायला कारणच नव्हतं. लागू त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या आजारापासूनचे डॉक्टर. बाईंना मधुमेह होता, क्षयानंही गाठलं होतं. घरात जवळचं कुणी राहिलेलं नव्हतं. अशा बाईनं घरातच राहणाऱ्या डॉक्टरांवर विसंबायचं नाही तर कुणावर?

या दोन बायकांत साम्य शोधायचंच तर ते भोळेपणात सापडणार नाही. दोघी विधवा होत्या, दोघींच्या नावावर मालमत्ता होती, आणि घरात जवळचं नातलग कुणी नव्हतं. ठग नेमकं हेच हेरतो.

‘मृतदेह नाही, विष नाही, तर शिक्षा नाही.’

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सिनेमांनी हा समज फार घट्ट बसवला आहे.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लागू लक्ष्मीबाईंना घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले. मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचं, असं कारण होतं. पहाटे गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. बोरीबंदरहून त्यांना जवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं. तिथे त्यांच्या नावाची नोंद झाली ‘इंदुमती पौनशे’. लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव इंदुमती पोंक्षे होतं. म्हणजे नाव अर्धं खरं आणि अर्धं बिघडवलेलं, कुणी शोधायला आलं तर कर्वे या नावाखाली काहीच हाती लागू नये असं. ज्या रुग्णाला आपण वर्षानुवर्षं औषध देत होतो, ती कोण हे रुग्णालयात नीट सांगितलं गेलं नाही. दुपारच्या आत बाई गेल्या.

रुग्णालयानं पुण्याला कळवलं, तेव्हा मृतदेह न्यायला भाऊ येईल असं उत्तर आलं. तो भाऊ आला नाही, कारण असा भाऊ नव्हताच. देह बेवारस ठरला आणि विच्छेदनासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजात पाठवला गेला. तिथे मानेवरची खूण दिसल्यानं शवविच्छेदन झालं खरं, पण रासायनिक तपासणीत विष आढळलं नाही. डॉक्टरांचं मत मधुमेहाच्या बेशुद्धीकडे झुकलं.

सगळा मामला इथेच मिटायचा. मिटला नाही, कारण पुण्यातल्या काही माणसांना ती पत्रं पटेनात. त्यांनी तक्रारी केल्या आणि १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं.

विष सापडलं नाही तरी विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, असं बहुमताच्या निकालानं सांगितलं. मृत्यू नैसर्गिक असता तर नाव का बदललं? नातलगांना का कळवलं नाही? मेलेल्या बाईच्या नावानं पत्रं का धाडली, आणि पैसा कुणाकडे गेला? एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर तिला सबब असू शकते. सगळ्या मिळून खुनाखेरीज दुसरा अर्थ उरत नाही, तेव्हा परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा ठरतो. तिघांपैकी एक न्यायमूर्ती, ए. के. सरकार, यांना मात्र हे पटलं नाही. मृत्यू विषानंच झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी वेगळ्या निकालपत्रात मांडलं. असा पुरावा किती काटेकोरपणे तोलावा लागतो, हे समजायला तेही वाचण्याजोगं आहे.

मृतदेहाचंही तसंच. इरीन यांचा देह आजवर मिळालेला नाही. तरीही २००० साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं आई आणि मुलगा दोघांनाही खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि दोघांना शंभरावर वर्षांची कैद झाली. मुलानं गुन्ह्याची कबुली त्यानंतर काही वर्षांनी दिली. देह मिळालाच पाहिजे अशी अट भारतीय कायद्यातही नाही.

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. ओळखचोरीमुळे खून लपतो असं खुन्याला वाटतं, पण पुढे त्याच्याविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा तीच ठरते. खोटी सही, खोटं पत्र, पैसे काढल्याची नोंद, हे सगळं तारखेनिशी कागदावर राहतं.

‘आधारची झेरॉक्स घेतली, आता काळजी नाही.’

झेरॉक्स कुणीही बदलून आणू शकतं. आधारवरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अधिकृत अ‍ॅपनं तपासला तरच कागद खरा की बनावट ते कळतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची सोय महाराष्ट्रात ऑनलाइन आहे, ती घरमालकांनी जरूर वापरावी. धोका उलट बाजूनंही असतो. आपले मूळ कागद, चेकबुक, फोनचा पिन सोबत राहणाऱ्याच्या हाती लागू देऊ नयेत, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं.

‘माणूस हरवल्याची तक्रार २४ तासांनंतरच घेतात.’

असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तक्रार त्याच क्षणी देता येते. घातपाताचा संशय असेल तर तसं स्पष्ट लिहून द्यावं, कारण दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

‘तिचे मेसेज येताहेत’ यावरही थांबू नये. आवाज ऐकवायला सांगावं, व्हिडिओ कॉल करायला सांगावं. टाळाटाळ झाली तर ते मेसेज पुसू नयेत, तारीख-वेळेसह तक्रारीला जोडावेत आणि बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावं.