पारंब्यांसकट वड

सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या पुतण्यानं घरच्या कॉम्प्युटरला रोजचा बॅकअप लावून दिला होता. बाहेरच्या डिस्कवर दर रात्री त्या तारखेचं एक फोल्डर तयार व्हायचं, आणि कुठल्याही तारखेचं फोल्डर उघडलं तरी आत सगळे फोटो, सगळी कागदपत्रं हजर. डिस्क कुरकुरायला लागली म्हणून गुरुजींनी दुप्पट मोठी डिस्क आणली, जुनीवरचं सगळं निवडलं आणि नवीवर टाकलं. सकाळी पाहतात तर नवी डिस्क काठोकाठ भरलेली आणि कॉपी मध्येच अडकलेली. ‘तांब्यातलं पाणी कळशीत ओतलं आणि कळशी ओसंडून वाहिली, हे कसं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

गुरुजी, तुमच्या तांब्यात दिसत होतं तेवढं पाणी नव्हतंच. पण ते सांगण्याआधी लग्नाबद्दल बोलू.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. काही घरांत अजून आहे. माहेरी कुसुम ती सासरी उमा. उमाला ताप आला की कुसुमलाही येतो, कुसुम बी.ए. झाली की उमाही होते. यातलं ‘खरं’ नाव कुठलं, याला अर्थ नाही. माणूस एक, हाका दोन. आता एखादा भोळा शिरगणतीवाला आधी माहेरी आणि मग सासरी गेला, दोन्हीकडे विचारून वहीत नावं उतरवली, तर त्याच्या हिशेबी बायका दोन झाल्या. तुमच्या कॉम्प्युटरनं त्या रात्री नेमकं हेच केलं.

बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पायाभरणी केली, तेव्हा फाइलचं नाव आणि फाइल यांची त्यांनी फारकत करून टाकली. फाइलचा आकार, मालक, तारखा, तिचा मजकूर डिस्कवर कुठे आहे याचे पत्ते, हे सगळं एका नोंदीत. तिला म्हणतात आयनोड. (यातला ‘आय’ कशाचा, हे पुढे रिचींनाही छातीठोकपणे सांगता येईना, ‘इंडेक्स’चा असावा असा त्यांचा अंदाज होता.) प्रत्येक आयनोडला एक क्रमांक. आणि फोल्डर म्हणजे काय, तर नुसती यादी: हे नाव, हा क्रमांक. सुरुवातीच्या युनिक्समध्ये यादीतली प्रत्येक ओळ १६ बाइटची असायची, १४ नावाला आणि २ क्रमांकाला. गंमत अशी की आयनोडमध्ये सगळं असतं, फक्त नाव नसतं. फाइलला स्वतःचं नाव ठाऊकच नसतं! ते ठाऊक असतं फोल्डरला.

मग एकच क्रमांक दोन याद्यांत दोन नावांनी लिहायला काय हरकत? काहीच नाही. यालाच हार्ड लिंक म्हणतात. आपल्याला किती नावं आहेत, एवढी मोजदाद मात्र आयनोड ठेवतो. युनिक्समध्ये फाइल ‘पुसा’ असा हुकूम मुळात नाही. हुकूम आहे ‘अनलिंक’, म्हणजे यादीतून हे नाव काढा. शेवटचं नाव गेलं, मोजदाद शून्यावर आली, की मगच जागा मोकळी होते.

पुतण्याचा बॅकअप या युक्तीवर चालत होता. ज्या फोटोत कालपासून काही बदल नाही, त्याची नवी प्रत कशाला? आजच्या फोल्डरात त्याला आणखी एक नाव दिलं, काम झालं. ॲपलनं २००७ मध्ये ‘टाइम मशीन’ आणलं तेही याच पायावर. विंडोजवाल्यांनाही हे अनोळखी नाही. सी ड्राइव्हमधलं ‘विनएसएक्सएस’ नावाचं फोल्डर अवाढव्य दिसतं म्हणून कित्येकांच्या पोटात गोळा येतो, पण त्यातल्या पुष्कळ फाइली विंडोजच्या मुख्य फोल्डरात दुसऱ्या नावानं आधीच मोजलेल्या असतात.

दुसऱ्या जातीचं टोपणनाव तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, बहुधा पश्चात्तापासह. मी पाहिलं ते एका झेरॉक्सच्या दुकानात. अहवाल द्यायची शेवटची तारीख, पेन ड्राइव्ह दुकानदाराच्या हातात, मागे रांग. त्यानं फाइल उघडायला घेतली आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, हा १ केबीचा शॉर्टकट आहे. फाइल घरीच राहिली.” रांगेतला एक जण हसला. तोही कधीतरी फसलेला असणार.

शॉर्टकट म्हणजे बंद दुकानाच्या शटरवरची चिठ्ठी: ‘आमचे दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.’ चिठ्ठीत सामान नसतं, पत्ता असतो. मागच्या गल्लीतलं दुकानही उठलं तरी चिठ्ठी आपली लटकत राहते. युनिक्समधल्या अशा चिठ्ठीला सिम्बॉलिक लिंक म्हणतात, बोलताना ‘सिमलिंक’.

आणि इथे मला थोडं भांडायचं आहे. फाइली, फोल्डर, फोल्डरातलं फोल्डर, हे सगळं युनिक्सनं जगाला दिलं असं सर्रास लिहिलं जातं. पण १९६५ साली, म्हणजे युनिक्सच्या चार वर्षं आधी, मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पासाठी एमआयटीचे रॉबर्ट डेली आणि बेल लॅब्जचे पीटर न्यूमन यांनी एक निबंध सादर केला. त्यात फोल्डरांची उतरंड आहे, मुळापासून पानापर्यंतचा पत्ता आहे, आणि यादीतल्या नोंदींचे दोन प्रकार आहेत: ‘ब्रँच’, जी थेट फाइलकडे नेते, आणि ‘लिंक’, जी दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवते. म्हणजे शटरवरची चिठ्ठी तयार होती! युनिक्सनं ती आधी घेतली नाही, समान दर्जाची अनेक नावं हा आपला वेगळा मार्ग काढला, आणि शेवटी १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीतून चिठ्ठी परत आलीच. (हे न्यूमन म्हणजे जॉन फॉन नॉयमन नव्हेत. पण यांचीही एक नवलकथा आहे: हार्वर्डमध्ये शिकत असताना १९५२ साली ते आइन्स्टाइनबरोबर नाश्त्याला बसले आणि गप्पा दोन तास चालल्या. साधेपणा आणि गुंतागुंत हा त्यांचा आयुष्यभराचा विषय राहिला.) डेली आणि न्यूमन ही नावं किती संगणक अभियंत्यांना माहीत असतील? विचारून पाहा.

या रचनेला इंग्रजीत ‘ट्री’ म्हणतात. हे नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ओक किंवा मेपल असावा: एक बुंधा, फांदीला फांदी, पानापर्यंत जायची वाट एकच. लिंका आल्या की ते झाड तसं राहत नाही. तो वड होतो. फांदीवरून पारंबी सुटते, जमिनीत रुजते, आणि काही वर्षांनी बुंधा कुठला आणि पारंबी कुठली ते सांगता येत नाही. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीनं कुजला म्हणून १९२५ मध्ये कापून काढला. वड आजही उभा आहे, हजारो पारंब्यांवर. हार्ड लिंक याहून चांगली समजावून देता येईल असं मला वाटत नाही. पहिलं नाव पुसलं तरी बाकीच्या नावांवर फाइल तगून राहते.

आता असा वड जसाच्या तसा दुसरीकडे लावायचा आहे. साधी कॉपी करणारा प्रोग्राम प्रत्येक पारंबीला वेगळं झाड समजतो. शहाण्या प्रोग्रामला एक वही ठेवावी लागते. फाइल समोर आली की आधी आयनोडमधली नावांची मोजदाद पाहायची. ती एक असेल तर प्रश्नच नाही, कॉपी करून पुढे. जास्त असेल तर वहीत लिहायचं: अमुक डिस्क, अमुक क्रमांक, नव्या जागी अमुक नावानं ठेवली. (डिस्कही लिहावी लागते, कारण क्रमांक एका डिस्कपुरताच खरा, गट नंबर तोच असला म्हणून गाव तेच नसतं.) तोच क्रमांक पुन्हा भेटला, की मजकुराला हात न लावता नव्या जागी फक्त दुसरं नाव जोडायचं. बस, एवढंच. शिरगणतीवाल्यानं नावाबरोबर आधार क्रमांकही विचारला असता तर कुसुम आणि उमा वेगळ्या झाल्या नसत्या.

वहीशिवाय हे जमेल का? जमतं, आणि ती युक्ती माझी फार लाडकी आहे. सी. जे. चेनी यांनी नोव्हेंबर १९७० मध्ये एका संगणकविषयक मासिकात अवघ्या दोन पानांत ती मांडली. त्यांचा प्रश्न डिस्कचा नव्हता, संगणकाच्या स्मृतीचा होता. स्मृतीचे दोन अर्धे भाग करायचे. एक भरला की त्यातल्या कामाच्या वस्तू दुसऱ्यात हलवायच्या आणि पहिला रिकामा करायचा. पण एकाच वस्तूकडे दहा ठिकाणांहून बोटं दाखवलेली असतात, तिच्या दहा प्रती होता कामा नयेत. चेनींच्या पद्धतीत वस्तू हलवली की तिच्या जुन्या जागी नवा पत्ता लिहून ठेवायचा. मागून येणारा ती चिठ्ठी वाचतो, आपलं बोट नव्या जागेकडे वळवतो. त्याहून कमाल म्हणजे ‘अजून काय काय पाहायचं राहिलं’ याची यादीसुद्धा वेगळी ठेवावी लागत नाही. नव्या भागात ओळीनं ठेवलेल्या वस्तू हीच ती यादी. क्रोम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट इंजिनात ही पद्धत २०१७ पर्यंत राबत होती. दोन पानं!

फाइलींना मात्र ही चैन परवडत नाही. स्मृतीचा जुना भाग टाकूनच द्यायचा असतो, त्यामुळे त्यावर खुशाल खरडा. गुरुजींच्या जुन्या डिस्कवर कुणी खरडलेलं चालणार नाही. म्हणून वही.

आणि वहीला खर्च येतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेला ‘आरसिंक’ हा प्रोग्राम जगभरच्या बॅकअपचा कणा आहे. त्यात ‘ए’ खूण दिली की ‘अर्काइव्ह’, म्हणजे सगळं जपून ठेवा, असा अर्थ होतो. पण त्या ‘सगळं’मध्ये हार्ड लिंका येत नाहीत, त्या शोधणं महाग पडतं म्हणून त्यासाठी वेगळा कॅपिटल ‘एच’ द्यावा लागतो. माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, पण रात्री अकरा वाजता माहितीपुस्तिका कोण वाचतं? मॅकवरच्या, कॉपी करणाऱ्या ‘सीपी’ आज्ञेची पुस्तिका तर सरळ सांगते की हार्ड लिंका जपायच्या तर ‘टार’सारखी दुसरी साधनं पाहा. हा ‘टार’ १९७९ च्या युनिक्समधला, चुंबकीय फितीवर फाइली साठवणारा म्हातारा. तो पहिल्या नावापाशी मजकूर भरतो आणि पुढच्या नावांपाशी फक्त ‘वर पाहा’ लिहितो. लिनक्सवरच्या ‘सीपी’ला ‘ए’ दिला की तोही वही ठेवतो. एकाच कामाला इतक्या तऱ्हा, हे काही भूषण नव्हे.

चिठ्ठ्यांचं दुखणं निराळं. चिठ्ठी आली की तिच्या मागे जायचं की चिठ्ठीच उतरवून घ्यायची? मागे गेलात तर फाइल पुन्हा दुप्पट, आणि चिठ्ठी आपल्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर प्रोग्राम घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. विंडोज व्हिस्टामध्ये जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाची अशीच एक छुपी वाट ठेवली होती. बेसावध बॅकअप तिच्यात शिरला की ॲप्लिकेशन डेटाच्या आत ॲप्लिकेशन डेटा, त्याच्या आत पुन्हा तेच. लिनक्स एका पत्त्यात चाळीसच्या वर चिठ्ठ्या भेटल्या की हात जोडतो.

चिठ्ठीच उतरवून घेतली तरी सुटका नाही. तिच्यावर ‘शेजारच्या घरात’ असं लिहिलं असेल तर नव्या वस्तीतही शेजार सापडतो. पूर्ण पत्ता लिहिला असेल तर नव्या डिस्कवरची चिठ्ठी निमूटपणे जुन्या डिस्ककडे पाठवते. तुम्हाला वाटतं नवी प्रत सुधारतो आहोत, सुधारली जाते जुनी. ॲपलनं १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये आणलेला ‘एलियस’ पत्त्याबरोबर फाइलचा क्रमांकही लक्षात ठेवतो, त्यामुळे फाइल त्याच डिस्कवर इकडेतिकडे हलली तरी तो शोधून काढतो. पण हीच निष्ठा कॉपी करताना नडते. नवी फाइल शेजारी असली तरी तो जुन्या घरचीच वाट धरतो.

‘एका क्लिकमध्ये तुमचं सगळं नव्या कॉम्प्युटरवर’ अशा जाहिराती पाहिल्या की म्हणूनच मला शंका येते. पडद्यावरची हिरवी पट्टी बाइट मोजते. शंभर टक्के झाले म्हणजे मजकूर पोचला; कोण कुणाचं दुसरं नाव होतं, हे पोचलं की नाही, ते पट्टी सांगत नाही.

तर गुरुजी, नव्या डिस्कवर जे अर्धवट आलं आहे ते पुसून टाका. बाजारातून आणलेली बाहेरची डिस्क अनेकदा ‘एक्सफॅट’ पद्धतीनं आखलेली असते, आणि त्या आखणीत एका फाइलला दोन नावं देण्याची सोयच नाही. तिथे कुठलाही शहाणा प्रोग्राम हरेल. पुतण्याला सांगून आधी ती जुन्या डिस्कसारखीच आखून घ्या आणि मग आरसिंकला ‘ए’बरोबर कॅपिटल ‘एच’ द्यायला लावा. सगळी तारखांची फोल्डरं एकाच फेरीत न्या, एकेक करून नेलीत तर वही दर वेळी कोरी होईल. आणि काम झालं तरी जुनी डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या.