घटलेल्या वजनाचा ताळेबंद

डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले की व्यापारी कुटुंबांत त्याचे उत्तर ठरलेले असते : भात बंद, तूप-मिठाई बंद आणि सकाळी अर्धा तास चालणे. काही महिन्यांत काटा पाच-सहा किलोंनी खाली येतो व घरात समाधान पसरते. परंतु गोदामातील माल कमी झाला, एवढ्यावरून कोणताही व्यापारी नफा-तोटा ठरवीत नाही. कोणता माल कमी झाला, हे तो प्रथम पाहतो. शरीराचा हिशेबही असाच मांडावयास हवा.

काटा केवळ बेरीज दाखवितो. तिच्यात चरबी असते, तसेच स्नायू, हाडे आणि पाणीही असते. निव्वळ आहार घटवून वजन उतरविल्यास घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीजचा, मुख्यतः स्नायूंचा, असतो. अतिरिक्त चरबी हे कर्ज मानले, तर स्नायू हे भांडवल होय. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा भाग स्नायूच शोषून घेतात. जिना चढणे, तोल सावरणे हीही त्यांचीच कामे. कर्ज फेडताना भांडवलच विकले जाऊ नये, यासाठी शक्तिवर्धक व्यायाम.

2017 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील 160 स्थूल ज्येष्ठ नागरिकांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. आहारनियंत्रणासह व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सहा महिन्यांत सुमारे 9 टक्के घटले. मात्र चालण्यासारखाच व्यायाम करणाऱ्यांचा चरबीविरहित भाग 5 टक्के गेला, तर वजने उचलणाऱ्यांचा केवळ 2 टक्के. खुब्याच्या हाडांची घनताही पहिल्या गटातच अधिक घटली. हालचालींची क्षमता सर्वाधिक सुधारली ती दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची. म्हणजे चालणे सोडावयाचे नाही. त्याला जोड द्यावयाची.

'आता या वयात वजने कसली उचलायची?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. 1990 साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांना आठ आठवडे असा व्यायाम देण्यात आला, तेव्हा त्यांच्या पायांची शक्ती सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचविते. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने आरंभ होतो. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, श्वास न रोखता करावा. सोपा वाटू लागला की भार थोडा वाढवावा. रक्तदाब, हृदयविकार वा गुडघेदुखी असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

स्नायूंना प्रथिनेही लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांस प्रतिकिलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस सुमारे 50 ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण खाखरा-चहावर उरकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. त्या ताटातही मूग, तूर, हरभरा किंवा दूध, पनीर यांपैकी काही असावे. दीर्घ उपवासाच्या काळात श्रमाचा व्यायाम थांबवावा आणि पारण्यानंतर हळूहळू पुन्हा सुरू करावा.

दर महिन्यास काट्याच्या आकड्याशेजारी आणखी दोन नोंदी ठेवाव्यात : कमरेचा घेर किती, आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता आले. पहिला आकडा घटला व दुसरा टिकला किंवा वाढला, तर कर्ज फिटत असून भांडवल शाबूत आहे, असे समजावे.