विश्लेषण : शरदात घर सजवायचे, की आधी वाळवायचे?

सप्टेंबर सरत आला की मोबाइलवर एकाच छापाची घरे दिसू लागतात. तपकिरी सोफ्यावर लोकरी शाल, खिडकीला नारिंगी पानांची माळ, कोपऱ्यात भोपळे आणि मंद जळणाऱ्या जाड मेणबत्त्या. ‘ऊबदार शरद’ या नावाने ही सजावट विकली जाते आणि ऑनलाइन दुकानांत तिचे सामानही आयते मिळते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडेही घर सजवायचेच असते, म्हणून ती उचलली जाते. अडचण एवढीच, की त्याच दिवसांत मुंबई-ठाण्यात पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि घराच्या भिंतींत चार महिन्यांचा पाऊस मुरलेला असतो.

ही ‘ऊब’ आली कुठून?

उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत ही सजावट हवामानातून आली. डेन्मार्कमधल्या ‘हुगा’ या कल्पनेचा गवगवा इंग्रजी जगात २०१६च्या सुमारास इतका झाला, की ऑक्सफर्डच्या त्या वर्षीच्या शब्दांच्या अंतिम यादीत तो शब्द पोहोचला. हुगा म्हणजे मेणबत्तीचा उजेड, जाड पायमोजे, गरम पेय आणि जवळची माणसे. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा भरतो. तिथे मेणबत्ती लावणे ही हौस असली तरी तिच्यामागे अंधाराची निकड आहे.

पानांच्या रंगाचेही तसेच. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की तिथली झाडे पानांतले हरितद्रव्य मोडून आत ओढून घेतात. हिरवा रंग उतरला की मुळातच पानात असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात. काही झाडांत लाल रंगद्रव्य त्याच सुमारास नव्याने तयार होते. दारातले भोपळे आणि मक्याची ताटे ही तर सरळ सुगीची खूण. म्हणजे त्या घरांनी दाराबाहेर जे होते तेच आत आणले. आपण मात्र त्यांच्या दाराबाहेरचे, तेही कापडी आणि प्लास्टिकचे, आपल्या घरात आणतो आहोत.

पण आपल्याकडे पानगळ कधी असते?

इथे भाषांतराने थोडा घोटाळा केला आहे. इंग्रजीतल्या ‘ऑटम’ला आपण सरसकट शरद म्हणतो. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पानगळ ही शिशिराची. सह्याद्रीतला आणि विदर्भातला साग, पळस पाने टाकतो तो पुढे, हवा आणि जमीन कोरडी पडल्यावर. शरदात महाराष्ट्र उलट हिरवाकंच असतो. साताऱ्याजवळचे कास पठार फुलते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. घाटमाथ्यावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा असतो, शेताच्या बांधावर कुरडू डोलत असतो. प्राजक्ताचा सडा पडतो तोही याच दिवसांत. महिनाभरात गवत सोनेरी होते आणि आकाश धुतल्यासारखे निळे दिसू लागते.

तेव्हा या ऋतूचे रंग कोणते, याचे उत्तर खिडकीबाहेर पाहूनच मिळते : सोनकीचा पिवळा, प्राजक्ताच्या देठाचा केशरी, आकाशाचा निळा, वाळत्या गवताचा सोनेरी. पडदे, उश्यांचे अभ्रे, चादरी यांत हे रंग आले तर पुरे. मरून आणि तपकिरीने ऑक्टोबरच्या उन्हात खोली उगाच कोंदट दिसते. सकाळी वेचलेली प्राजक्ताची फुले ताटलीत पाणी घालून टेबलावर ठेवली, तर दुपारपर्यंत टिकतात. ती फुकट मिळतात आणि संध्याकाळी केराला जड होत नाहीत.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या पानांत उघडी पडणारी कॅरोटिनॉइड आणि झेंडूला पिवळा-केशरी रंग देणारे द्रव्य एकाच कुळातले. झेंडूतले मुख्य रंगद्रव्य ल्युटीन, आणि तेच हिरव्या पानांतही दडलेले असते. रंगाचा हा सोहळा तिकडे झाडावर होतो, इकडे दादरच्या फूल मंडईत आणि पुण्याच्या मार्केट यार्डात.

भिंत आधी का पाहायची?

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. ढग हटतात, ऊन थेट जमिनीवर पडते, पण जमिनीतली आणि हवेतली ओल अजून गेलेली नसते, वारेही मंदावलेले असतात. यालाच आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. घामाने जीव नकोसा होतो. मात्र घर वाळवायला याहून चांगले ऊन वर्षात नाही.

या वाळवणीला मिळणारा वेळ दरवर्षी सारखा नसतो, हे लक्षात घेतले जात नाही. २०२३मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. ८ ऑक्टोबरपासून मोजले तर ३५ दिवस हाती होते. २०२५मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले, म्हणजे जेमतेम १३ दिवस. पाऊस रेंगाळला तर तेवढेही नाहीत. दिवाळीच्या आत रंग उरकायचाच, या घाईत ओल्या भिंतीवर हात मारला जातो आणि संक्रांतीपर्यंत त्याच भिंतीला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, पांढरा खार फुटतो. पैसे गेले ते गेले, शिवाय पुढच्या वर्षी आधी ते सगळे खरवडावे लागते.

भिंत वाळली की नाही, हे पाहायला उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव धरले असेल, तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला धरले असेल, तर खोलीतली हवा दमट आहे आणि खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून काम भागू शकते. भिंत ओली निघाली तर रंगाआधी गळतीचे मूळ शोधायला हवे : गच्चीची भेग, बाहेरच्या भिंतीचा तडा, किंवा शेजारच्या न्हाणीघराचा पाइप.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे ओलीचा डाग झाकणे. चिकटवायचे वॉलपेपर आणि विटांच्या नक्षीचे फोमचे पॅनेल हल्ली स्वस्त मिळतात आणि फोटोत झकास दिसतात. त्यांच्यामागे ओल कोंडते आणि बुरशीला आयते घर मिळते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना या बुरशीचा त्रास होतो. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसले तर कोरड्या झाडूने झटकू नयेत, कारण त्याने बीजाणू खोलीभर उडतात. नाका-तोंडाला मास्क बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि जागा उन्हा-वाऱ्याने कोरडी करावी. कपाट आणि पलंग भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे ओढले तरी मागे हवा खेळते. या दिवसांत घराची सर्वांत मोठी सजावट म्हणजे कपाट सरकवणे, हे म्हणायला रुक्ष वाटेल. पण खरे आहे.

गोधड्या घटस्थापनेआधीच का धुतात?

गावाकडे घट बसण्याआधी घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, सतरंजी नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत आहे. घर झाडून, सारवून, भिंतींना चुना-गेरू देऊन मग घट बसतात. त्यामागे धार्मिक शुचिता आहेच, पण ऋतूचे गणितही चोख आहे. पावसाळाभर दमट झालेले अंथरूण-पांघरूण वाळायला आता कडक ऊन मिळते, आणि थंडी येते ती दिवाळीनंतर. म्हणजे ऊब हवी असते त्याच्या महिनाभर आधी ती तयार होऊन घडी घालून ठेवली जाते. चुन्याचेही तसेच, तेलरंग भिंतीचे तोंड बंद करतो, तर चुन्यातून ओल बाहेर पडू शकते.

शहरातल्या फ्लॅटमध्ये नदी नाही, पण गच्ची किंवा ग्रिल असते. उश्या, गाद्या, गालिचे, पुस्तके, चामड्याच्या चपला-पट्टे यांना दोन-तीन दिवस ऊन दाखवावे. पुस्तके मात्र थेट उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर उघडून. जुन्या साड्यांच्या गोधडीचे रंग काय खुलतात, हे ती सोफ्याच्या पाठीवर टाकल्यावर कळते. तिच्यासाठी लोकरी ‘थ्रो’ मागवण्याची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरअखेर पहाटे गारवा जाणवू लागतो, तेव्हा ती पांघरायलाही लागते. कोकणपट्टीत बहुतेक शोभेपुरतीच.

दाराला काय बांधायचे?

दसऱ्याचे तोरण म्हणजे झेंडू आणि आंब्याची पाने, हे शहराने ठरवून टाकले आहे. कोकणात मात्र भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, कुरडूची फुले आणि आंब्याचे पान एकत्र बांधून दाराला ‘नवं’ लावतात. शेतात आलेल्या नव्या धान्याची ही खूण. अमेरिकेतल्या मक्याच्या ताटांची ही आपली भावंडे म्हणता येतील, फरक इतकाच की हे हाताच्या पंजाएवढ्या जागेत मावते. घटाभोवती मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते. घरात हिरवे काही असावे यासाठी याहून सोपी कुंडी नाही. भाताच्या लोंब्या किंवा कुरडू शहरात बाजाराच्या कडेला बसणाऱ्या बायकांकडे मिळतात, आणि वाळल्यावर मातीच्या बरणीत महिनोन्महिने राहतात.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाच्या सणात याच फुलांनी वेदी सजवतात. दिवस लहान होऊ लागले की त्याला फुले लवकर येतात, त्यामुळे दोन्ही देशांत त्याचा बहर सणाच्या वेळेला जुळून आला आहे. पण त्याच्याइतके बेभरवशाचे पीकही नाही. काढणीच्या वेळी पाऊस आला की फूल भिजते आणि भाव पडतो. आवक वाढली तर दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला ढीग टाकून शेतकरी घरी जातात. त्यात प्लास्टिकच्या माळांनी मागणी खाल्ली, ही फूल उत्पादकांची तक्रार आहे. एकदा विकत घेतलेली प्लास्टिकची माळ पाच वर्षे चालते, हा तिचा गुण सांगितला जातो. दुसऱ्या वर्षीपासून तिच्यावर बसणाऱ्या धुळीबद्दल कोणी बोलत नाही. खऱ्या तोरणाची फुले सुकल्यावर पाकळ्या कुंडीत टाकता येतात, आणि त्यातल्या बिया मातीत पडल्या तर पुढच्या पावसाळ्यात रोपेही येतात.

आपट्याबद्दल एक सूचना करायलाच हवी. सोने म्हणून बाजारात येणाऱ्या फांद्यांत कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे मोठे आणि लांबट. एका दिवसासाठी दोन्ही झाडे ओरबाडली जातात. फुलदाणीत फांद्या खोवून ठेवण्याची टूम निघाली आहे, तिला चार पानांनीही भागते.

उजेड कसा असावा?

हुगामधली एक गोष्ट मात्र इथे जशीच्या तशी चालते, ती म्हणजे पिवळसर, खाली लावलेला उजेड. आपल्याकडे बहुतेक घरांत छताला पांढऱ्या-निळसर, ६५०० केल्विनच्या ट्यूब असतात. दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन असे लिहिलेला एलईडी बल्ब कोपऱ्यातल्या दिव्यात लावला, की संध्याकाळी खोलीचा नूर बदलतो, आणि मेणबत्तीसारखी उष्णता व काजळी होत नाही. बंद खोलीत सुगंधी मेणबत्त्या आणि उदबत्त्या तासन्‌तास जाळणे फुप्फुसांना बरे नव्हे. ऑक्टोबरात तर त्या खोली आणखी तापवतात. पणत्या दाराबाहेर, पडद्यांपासून लांब.

मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी आकाशकंदिलांची रांग लागते. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि गव्हाची खळ, एवढ्या साहित्यात घरीही षटकोनी कंदील होतो. कागदी कंदिलात कमी वॉटचा एलईडीच लावावा. जुना पिवळा बल्ब कागद तापवतो. कोजागरीला तर दिवे मालवणे हीच सजावट. गच्चीवर सतरंजी, मसाला दूध आणि चंद्र.

परदेशातल्या मराठी घरांत हे दोन्ही शरद एकाच खिडकीत भेटतात. २०२४मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, नेमकी हॅलोविनच्या दिवशी आली होती. न्यू जर्सीत बाहेर पाने खरोखर लाल होतात आणि थंडीही खरी असते, त्यामुळे तिथे दारात भोपळा आणि वर आकाशकंदील हे जोडकाम शोभून दिसते. फक्त कोरलेला भोपळा आठवड्या-दीड आठवड्यात सडतो. न कोरलेला अख्खा लाल भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. कोकणात तो आढ्याला टांगून ठेवतात, आणि मन भरले की त्याचे घारगे करतात.