सलाईनने न जाणारा थकवा

यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पास झालेली बरीच मुले पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपन्यांत लागतात. दिवाळीला गावी आली की आई दवाखान्यात आणते, "डॉक्टरसाहेब, पोराले लय कमजोरी आली, एक सलाईन लावून द्या."

मान आखडते, डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही. ही कमजोरी नव्हे. सतत बसण्याचा व जागरणाचा हा परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार आठवड्याला ३५-४० तासांऐवजी ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. टीमलीडरला 'नाही' म्हणणे नवख्याला जड जाते, हे खरे. तरी दर अर्ध्या तासाने उठावे, अधूनमधून दूर पाहावे, झोप मोडू नये. हाताला मुंग्या येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

पालकांनो, फोनवर पगाराआधी झोपेची चौकशी करा.