अपस्माराची शस्त्रक्रिया : दहा वर्षांनंतर काय?

फिट, फेफरे, मिरगी, आकडी अशा नाना नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींचे विद्युत्-कार्य एकाएकी बिघडते आणि झटका येतो. ही बाहेरची बाधा नव्हे की कोणाचा कोप नव्हे. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय मात्र हुंगवलेल्या कांद्याला वा चपलेला मिळते!

बहुतेकांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. ग्लासगो येथील ४७० रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४७ टक्के रुग्णांना पहिल्याच औषधाने गुण आला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी केवळ १४ टक्क्यांना. म्हणून योग्य निवडलेली व योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजावा, अशी व्याख्या २०१० साली जागतिक तज्ज्ञ संघटनेने केली. शस्त्रक्रियेचा विचार इथेच व्हावयास हवा. आपल्याकडे मात्र गोळ्या बदलण्यात उमेदीची वर्षे निघून जातात.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागू पडत नाही. झटक्याचा उगम मेंदूच्या एका निश्चित जागी असावा लागतो, आणि तेवढा भाग काढल्याने वाचा, हालचाल वा स्मृती यांची मोठी हानी होऊ नये. एमआरआय व व्हिडिओ-ईईजी या तपासण्या त्यासाठीच असतात. अशी जागा पुष्कळदा कानशिलाच्या आतील बाजूस सापडते.

अशाच ८० रुग्णांची कॅनडात दोन गटांत विभागणी करण्यात आली. २००१ साली निष्कर्ष आले. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवर ठेवलेल्यांत ८ टक्के.

पण एक वर्ष म्हणजे आयुष्य नव्हे. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ६१५ प्रौढांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. शुद्ध न हरपणारे किरकोळ झटके वगळता, पाच वर्षे ५२ टक्के, तर दहा वर्षे ४७ टक्के रुग्ण झटक्यांविना राहिले. जितकी अधिक वर्षे झटक्याविना गेली, तितकी तो परतण्याची शक्यता कमी झाली. म्हणजे निम्म्यांना गुण आला आणि तो टिकला. परंतु शस्त्रक्रिया झाली की गोळ्या सुटल्या, हा समज चुकीचा आहे. झटकेमुक्त झालेल्यांपैकीही २८ टक्क्यांचीच औषधे पूर्ण बंद झाली होती.

धोका नाकारून चालणार नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतील भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवीन आठवणी साठवता आल्या नाहीत. तेव्हापासून असा भाग दोन्ही बाजूंनी काढत नाहीत. तरीही डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्द व नावे आठवणे काहींना जड जाते.

भारतात त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही शस्त्रक्रिया होते. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुले झटकेमुक्त होती, औषधांच्या गटातील ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातील एक-तृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाला. काहींच्या एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा आला. पालकांना हेही आधीच सांगितले पाहिजे.

आता लग्नाचा प्रश्न. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरविणारी त्यातील तरतूद १९९९ साली रद्द झाली. तरीही सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या चोरून घेतात, चुकवतात आणि झटका येतो. हे औषधाचे अपयश नव्हे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना झटक्यांच्या तारखा, घेतलेल्या व चुकलेल्या गोळ्या वहीत लिहून न्याव्यात. घरच्यांनी मोबाईलवर झटक्याचे चित्रण केलेले असल्यास तेही दाखवावे.